जुनं गोल रील बदलून बजेटमधला बेटकास्टर घ्यावा का?

गळकरी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे काकांनी दिलेलं लाल रंगाचं गोल रील आहे, अँबॅसडर ५०००. आजवर सगळी मासेमारी त्याच्यावरच झाली. जड शिसं लावून आमिष टाकायचं आणि रॉड टेकवून बसायचं, एवढंच काम असायचं तोवर तक्रार नव्हती. आता मी ल्युअरकडे, म्हणजे नकली आमिषाकडे वळलोय. १० ते १५ ग्रॅमचा ल्युअर सकाळभर सतत फेकायचा आणि ओढायचा. त्यात मनगट भरून येतं आणि फेकही जेमतेम जाते.

शिवाय रिलाच्या तीन कुरबुरी आहेत. हँडल सोडलं की थोडं मागे जातं आणि मग अडकतं. मासा धावला की ड्रॅग (ओढ वाढली की लाइन सोडणारी यंत्रणा) आधी अडून राहतो, मग एकदम झटक्याने सुटतो. आणि लाइन उजव्या बाजूला ढीग होऊन बसते.

बुटकं, आधुनिक बेटकास्टर (आडव्या फिरकीचं, रॉडच्या वर बसणारं रील) घ्यायचं मनात आहे, पण महागातलं नाही. खोक्यांवर ७.१:१, १०+१ बेअरिंग, ८ किलो ड्रॅग, मॅग्नेटिक ब्रेक असं काय काय छापलेलं असतं. यातलं नेमकं काय बघायचं? रॉड साडेसहा फुटी, मीडियम, कास्टिंगचा. लाइन १४ पौंडी मोनो (एकाच तंतूची). मी उजवा आहे.

धीवर

घ्यायच्या आधी एक सांगतो. तुमच्या तीन कुरबुरींपैकी पहिली हा बिघाडच नाही. त्या काळच्या रिलात उलटं फिरणं थांबवायला दात्यांचं चक्र आणि त्यात अडकणारी एक खिटी असते. खिटी पुढच्या दात्यावर बसेपर्यंत हँडल मागे येणारच. नवीन रिलात तिथे एकाच दिशेने फिरणारं रोलर बेअरिंग असतं, म्हणून हँडल जागच्या जागी थांबतं.

बाकीच्या दोन्ही दुरुस्त होतात. ड्रॅगचे वॉशर सुकून कडक झाले असणार. कार्बनचे वॉशर बसवा, ड्रॅग लोण्यासारखा सुटेल. लाइन एका बाजूला साचते ती लाइन गाइडच्या, म्हणजे लाइन डावी-उजवीकडे पसरवणाऱ्या भागाच्या खालच्या पॉलमुळे. गाइडखाली एक टोपी असते, ती फिरवून काढली की छोटासा धातूचा तुकडा हातात येतो. त्याचं टोक झिजलं की स्क्रूच्या खाचेतून तो उडी मारतो आणि गाइड टोकाला अडकतो. हा भाग झिजण्यासाठीच असतो, बदलायला दोन मिनिटं पुरतात.

१९५२ साली आलेलं डिझाइन आहे हे. इतकी वर्षं टिकलं ते उगाच नाही. मोडीत काढू नका.

शांत_डोह

दादा, तुमची खरी अडचण कुरबुरींची नाही, ल्युअरच्या वजनाची आहे. त्यासाठी वॉशर बदलून काही होणार नाही.

५००० च्या स्पूलखाली (लाइन गुंडाळतात त्या फिरकीखाली) बेअरिंग नसतात, बुश म्हणजे साध्या धातूच्या नळ्या असतात. बेअरिंग असलेल्या मॉडेलच्या नावात पुढे सी लागतो. वर तो रुंद, जड स्पूल. फेकताना १० ग्रॅमच्या ल्युअरने आधी तो सगळा स्पूल लाइनसकट फिरवायचा असतो. ३० ग्रॅमच्या शिशाला ते जड जात नाही, १० ग्रॅमला जातं. बुटक्या बेटकास्टरचा स्पूल अरुंद आणि हलका असतो, लाइनही कमी मावते, म्हणून तो लहान वजनालाही लगेच फिरायला लागतो. फेकीतला फरक तिथून येतो.

आणि मनगटाचं म्हणाल तर, नवीन रील साधारण २०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि रॉडला चिकटून बसतं. संपूर्ण रील तळहातात धरता येतं. गोल रील उंच असतं, हातात सतत कलंडायला बघतं. दिवसभर फेकणाऱ्याला हा उंचीचा फरक वजनाच्या फरकापेक्षाही जास्त जाणवतो असं माझं मत आहे.

गिअरवेडा

शांत_डोह यांच्याशी सहमत. आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल.

बेअरिंगचा आकडा बाजूला ठेवा. १०+१ मधला तो १ म्हणजे वर धीवर यांनी सांगितलेलं रोलर बेअरिंग. उरलेल्या दहांपैकी फेकीशी संबंध फक्त स्पूलच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचा. बाकीची हँडलच्या मुठीत, लाइन गाइडच्या स्क्रूला, इकडेतिकडे वाटलेली असतात. ती संख्या वाढवणं सोपं असतं, म्हणून ती ठळक अक्षरात छापतात. चार चांगली बेअरिंग असलेलं रील दहा साधी असलेल्यापेक्षा लांब फेकतं.

८ किलो ड्रॅगही तसाच. तुमची लाइन १४ पौंडी, म्हणजे साधारण ६.३ किलोला तुटणारी. ड्रॅग तिच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतात, म्हणजे दीड ते दोन किलो. ८ किलो लावण्याची वेळ तुमच्यावर येणारच नाही. त्याऐवजी ड्रॅग सुरू होताना अडतो का ते बघा. दुकानात लाइन हाताला गुंडाळून हळू ओढा. पहिल्या क्षणी लागणारा जोर आणि लाइन सुटू लागल्यावर लागणारा जोर जवळपास सारखा असेल तर ड्रॅग चांगला.

७.१:१ हा आकडा मात्र कामाचा आहे. हँडल एकदा फिरलं की स्पूल ७.१ वेळा फिरतो. पण पाण्यातला ल्युअर किती सरकतो ते स्पूलच्या जाडीवरही ठरतं. एक करा, तुमच्या रिलाचं हँडल एकदा फिरवून स्पूल किती वेळा फिरतो ते मोजा आणि भरलेल्या स्पूलचा व्यास सांगा.

गळकरी

मोजलं. साडेतीन आणि थोडं वर. व्यास ३८ मिमी.

गिअरवेडा

म्हणजे ३.६ धरू. ३८ मिमी व्यासाचा परीघ सुमारे ११९ मिमी. गुणिले ३.६ म्हणजे एका फेरीत ४३ सेंमी. आता नवीन रिलाचा भरलेला स्पूल ३४ मिमीचा आणि प्रमाण ७.१ धरा. १०७ गुणिले ७.१ म्हणजे ७६ सेंमी. त्याच ल्युअरला त्याच वेगाने आणायला तुम्हाला आता जवळपास अर्ध्या फेऱ्या पुरतील.

पण एवढ्यावर ७.१ घेऊ नका. प्रमाण जितकं मोठं तितका हँडलला जोर जास्त लागतो. खोल बुडी मारणारा, पाण्यात जोरात ओढ धरणारा ल्युअर ७ किंवा ८ च्या रिलावर ओढताना हात दुखतो. आणि तुमच्या हाताला वर्षानुवर्षं ४३ सेंमीची सवय आहे. तुम्ही नकळत तेवढ्याच फेऱ्या माराल आणि ल्युअर पाण्यात पळत सुटेल. एकच रील घेणार असाल तर ६.३ च्या आसपासचं घ्या. हळू ओढायचं तर हात आवरता येतो, पटकन गोळा करायचं तर तेही जमतं.

स्पूल भरण्याबद्दलही सांगून ठेवतो. काठापासून २-३ मिमी खाली राहील इतकीच लाइन भरा. अर्धवट भरलेल्या स्पूलवर व्यास घटतो आणि ओढ कमी होते, गच्च भरला तर गुंता ठरलेला.

पाणवाट

ब्रेकबद्दल कोणी बोललंच नाही अजून. बजेट रील घेताना मी सगळ्यात आधी ब्रेक बघतो, कारण शिकण्याचे दिवस सुखाचे जाणार की गुंते सोडवण्यात, ते ब्रेकवर ठरतं.

बॅकलॅश, म्हणजे स्पूलवर लाइनचा गुंता, होतो कसा ते आधी बघू. फेकीला स्पूल जोरात सुटतो. ल्युअर हवेत हळूहळू मंदावतो, पण स्पूल आपल्याच वेगात फिरत राहतो. लाइन बाहेर जाते त्यापेक्षा जास्त सुटते, ती सैल लाइन स्पूलवर फुगते, पुढची लाइन तिच्याखाली अडकते. धोका दोन ठिकाणी असतो, फेकीच्या अगदी सुरुवातीला आणि ल्युअर पाण्याला टेकताना.

गळकरी, तुमच्या जुन्या रिलातही सेंट्रिफ्युगल ब्रेक आहे. बाजूची तबकडी काढलीत तर स्पूलच्या दांड्यावर दोन बारीक ठोकळे दिसतील. स्पूल फिरला की ते बाहेर सरकतात आणि कड्याला घासतात. त्यांचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून फेकीच्या सुरुवातीला, वेग सर्वाधिक असतो तेव्हा ते जोरात पकडतात आणि पुढे जवळजवळ सोडूनच देतात. शेवटचं काम अंगठ्याचं.

मॅग्नेटिक ब्रेकमध्ये काहीच घासत नाही. अॅल्युमिनियमचा स्पूल चुंबकांशेजारून फिरला की त्याच्यात विजेचे भोवरे तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. हा विरोध वेगाच्या साध्या प्रमाणात असतो, म्हणून तो फेकीच्या शेवटपर्यंत थोडाफार साथ देतो. बाहेरचं चाक फिरवलं की चुंबक जवळ किंवा लांब जातात, तबकडी उघडावी लागत नाही. वारा समोरून आला तर दोन आकडे वाढवायचे, पाठीमागून आला तर कमी करायचे. नवीन शिकणाऱ्याला आणि बजेटमध्ये घेणाऱ्याला मी हाच सुचवेन. दोन्ही ब्रेक एकत्र असलेलं मिळालं तर उत्तमच.

धीवर

ब्रेकचं पटलं. पण सगळं चुंबकावर सोपवलं तर अंगठा कधी शिकणार? ब्रेक दहावर ठेवून फेकणारे मी बघितलेत. गुंता होत नाही, पण ल्युअर पंधरा मीटरवर पडतो.

पाणवाट

दहावर कायम ठेवा असं म्हणत नाही. सुरुवात सात-आठवर करा आणि हात बसेल तसा एकेक आकडा उतरवत चला. गळकरींचा अंगठा तर जुन्या रिलावर आधीच तयार झालेला आहे. त्यांना फक्त हलक्या स्पूलची सवय लावायची आहे. तो पटकन वेग धरतो, म्हणून अंगठा आधीच्या जोराने दाबला की फेक मरते. नुसता टेकवा, दाबू नका.

गळकरी

हे वाचून बरंच उलगडलं. मग स्पूलच्या शेजारी हँडलच्या बाजूला जे बारीक चाक असतं त्याचं काय? जुन्या रिलावर मी ते घट्टच ठेवत आलोय.

शांत_डोह

ते स्पूल टेन्शनचं चाक. स्पूलच्या दांड्याला दोन्ही टोकांकडून दाबतं. ब्रेक वेगानुसार बदलतो, हे मात्र सगळी फेकभर सारखंच दाबत राहतं, म्हणून ते घट्ट ठेवलं की अंतर फुकट जातं. तुमची फेक जेमतेम जाते त्याला हेही कारण असू शकतं.

नवीन रील आलं की ल्युअर रॉडच्या टोकापासून वीतभर खाली सोडा, अंगठ्याखालची कळ दाबा आणि ल्युअर आपोआप खाली येऊ द्या. सावकाश उतरला आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला तर सेटिंग जमलं. पहिले काही दिवस असंच राहू द्या. नंतर ते इतकं सैल करा की स्पूल डावी-उजवीकडे हलवला तर खुळखुळ फक्त नाहीशी झालेली असेल, त्याहून जास्त नाही. तिथून पुढे सगळं ब्रेक आणि अंगठा सांभाळतील. ल्युअर बदलला की पुन्हा बघायचं, कारण १० ग्रॅमला जमलेलं २० ग्रॅमला सैल पडतं.

सराव १५-२० ग्रॅमच्या वजनाने, हूक काढून, मोकळ्या मैदानात करा. १० ग्रॅमने सुरुवात केलीत तर रील वाईट आहे असं वाटेल. आणि मनगटाने झटका देऊ नका. रॉड सावकाश मागे नेऊन तो वाकेल असा एकसंध फेकाचा जोर द्या. बॅकलॅश बहुतेक वेळा झटक्यातून होतो.

रानपाखरू

सरावासाठी माझी एक युक्ती. नेहमीच्या फेकीपेक्षा चार-पाच मीटर जास्त लाइन बाहेर काढा आणि स्पूलवर उरलेल्या लाइनवर आडवी चिकटपट्टी लावा. मग लाइन परत गुंडाळा. कितीही गुंता झाला तरी तो पट्टीच्या खाली जात नाही.

आणि गुंता झालाच तर लाइन ओरबाडू नका. ड्रॅग घट्ट करा, अंगठा स्पूलवर जोरात दाबून ठेवा आणि तसंच हँडल दोन-तीन फेऱ्या फिरवा. मग कळ दाबून लाइन हळू ओढा. अडकलेले वेढे सपाट होऊन बरेचसे आपोआप सुटतात. उरलेल्या वेढ्याखाली बोट घालून एकेक उचला, कात्री शेवटी. सुटल्यावर ड्रॅग परत जागेवर आणायला विसरू नका. त्या भागावरून बोट फिरवा, मोनोला घडी पडलेली लागली तर तिथून पुढची लाइन कापून टाका. मोठा मासा तिथेच तोडतो.

तिसरा_प्रहर

ब्रेडेड (विणलेली) लाइन लावू का मोनो? हा प्रश्न गळकरींनी विचारला नाही, पण नवीन रील घेतलं की सगळ्यांच्या मनात येतोच.

गिअरवेडा

शिकताना मोनो, १२ ते १४ पौंडी. गुंत्यातून सोडवायला सोपी आणि स्वस्त. ब्रेड नंतर लावा आणि लावाल तेव्हा ३० पौंडाच्या खाली जाऊ नका. बारीक ब्रेड ताणाखाली खालच्या वेढ्यांत रुतून बसते आणि पुढच्या फेकीला मधेच अडकते. लाइन तडकन तुटून ल्युअर एकटाच उडून जातो.

दुसरं, ब्रेड थेट धातूच्या स्पूलवर गुंडाळू नका. ती पकड धरत नाही. मासा ओढतो, तुम्ही ड्रॅग आवळता, तरी लाइन जातच राहते. माणसाला वाटतं ड्रॅग गेला, आणि प्रत्यक्षात लाइनचं सगळं भेंडोळं स्पूलवर गोल फिरत असतं. खाली आधी काही वेढे मोनोचे घ्या, मग गाठ मारून ब्रेड.

गळकरी

हँडल डाव्या बाजूचं घ्यावं की उजव्या? जुनं उजवं आहे.

शांत_डोह

विकत घेतानाच ठरवावं लागतं हे. स्पिनिंग रिलासारखं हँडल काढून दुसरीकडे लावता येत नाही, कारण गिअर एकाच बाजूला असतात. डावं घेतलंत तर उजव्या हाताने फेकायचं आणि रॉड त्याच हातात ठेवून डाव्याने ओढायचं, हात बदलावा लागत नाही. ल्युअर पाण्याला टेकताच मासा घेतो तेव्हा याचा फायदा होतो. पण वर्षानुवर्षांची सवय उजव्याची असेल तर डाव्या हाताची लय बसायला वेळ लागतो. तुमच्याकडे स्पिनिंग रील असेल आणि ते डाव्याने फिरवत असाल तर बिनधास्त डावं घ्या.

धीवर

माझा आग्रह एवढाच, बजेटमध्ये बांधणीवर तडजोड करू नका. दुकानात रील दोन्ही हातांनी धरून बाजूच्या तबकड्या आतल्या बाजूला दाबून बघा. बरीच स्वस्त रील ग्रॅफाइटची, म्हणजे खरं तर तंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकची असतात. हलकी असतात आणि गंजत नाहीत, हे मान्य. पण जोराच्या ओढीखाली चौकट वाकली की गिअर एकमेकांपासून सरकतात आणि हँडल दळल्यासारखं लागतं. निदान मुख्य चौकट अॅल्युमिनियमची आणि मोठा गिअर पितळेचा असेल असं बघा. बेअरिंग चार कमी असली तरी चालतील.

खाऱ्या पाण्यात वापरणार असाल तर घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून हलक्या धारेखाली धुवा, म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही. बादलीत बुडवू नका, जोराचा फवारा तर नकोच, मीठ आणि वाळू आत ढकलली जाते. पुसून वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. वॉशर दबून राहिले की चपटतात, तुमच्या जुन्या ड्रॅगचा झटकाही काही अंशी त्यातूनच आलेला असेल.

गळकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय असं: ६.३:१, डावं हँडल, अॅल्युमिनियमची चौकट, बाहेरून फिरणारा मॅग्नेटिक ब्रेक. बेअरिंगचा आकडा बघणार नाही. जुन्या रिलाला कार्बनचे वॉशर आणि नवा पॉल बसवून जड शिशाच्या कामाला ठेवणार. भाग मागवताना मॉडेलच्या नावावर मिळतात की आणखी काही लागतं?

धीवर

रिलाच्या पायाखाली बघा. १९७० च्या दशकातल्या आणि नंतरच्या बऱ्याच रिलांवर तिथे एक आकडा कोरलेला असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. त्याच नावाच्या रिलात वर्षानुसार भाग बदलत गेले, म्हणून विक्रेत्याला नावासोबत तो आकडाही द्या.

गिअरवेडा

आणि नवीन रील आलं की एक लक्षात ठेवा. स्पूलच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एकेक थेंब, दात्यांना ग्रीस. रोलर बेअरिंगजवळ ग्रीस नेऊ नका, त्यातले रोलर घसरू लागले की जोराच्या झटक्याला हँडल उलटं फिरतं. जुन्या रिलाच्या ब्रेकच्या ठोकळ्यांना आणि कड्याला तेल लागू देऊ नका, तो ब्रेक कोरडाच चालतो.